धावपट्टी दिसत होती

इंजिन एकदम बंद पडलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. घरी हे बोलले की आजी कानांवर हात ठेवते, पण विमान चालवणाऱ्यांना लगेच पटतं. माझं इंजिन बंद पडलं नव्हतं. ते विमानाला गदागदा हलवत कसंबसं चालू होतं, आणि समोर इंदूरची धावपट्टी दिसत होती. त्या पाच मिनिटांत मला सगळ्यात जड काय गेलं असेल तर त्या धावपट्टीवरून नजर काढून घेणं.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तास लागतात, माझे १४२ झाले होते. रामबागेतून बाबांनी नेहमीसारखं स्कूटरवरून पहाटे सोडलं. विमान सेस्ना १५२: दोन आसनं, चार सिलिंडर, ११० हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन. हे मॉडेल १९७७ ते १९८५ या काळातच बनलं, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. जुनं विमान म्हणजे वाईट विमान, असं मात्र नाही. नीट निगा राखली तर ते वर्षानुवर्षं चांगलं उडतं. त्या दिवशी एकटीचंच उड्डाण होतं. टाक्यांच्या खालून इंधन काढून पाहिलं, पाणी नव्हतं. तेल पट्टीवर पाच क्वार्ट, म्हणजे पुरेसं. पंख, चाकं, कंट्रोल सगळं हाताने हलवून पाहिलं.

मग इंजिन सुरू केलं आणि ते अडखळलं.

बंद नाही पडलं. एक ठोका चुकत असल्यासारखं धडधडत राहिलं, पॅनल थरथरत होतं. मी मिक्स्चर, म्हणजे इंधन आणि हवेचं प्रमाण, पाहिलं, थ्रॉटल किंचित पुढे केला. अर्ध्या मिनिटात आपोआप सुरळीत झालं, इतकं सुरळीत की मलाच शंका आली, मघाशी खरंच काही झालं होतं का? १,७०० आरपीएमवर मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारी दोन यंत्रं, तपासले. एकेक बंद केल्यावर आरपीएम १२५ पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोघांतला फरक ५० च्या आत हवा. दोन्ही बसत होतं. आकडे बरोबर आले की मन शांत होतं, तसं माझं झालं. दोन दिवसांपूर्वी एक सीनियर मुलगा म्हणाला होता, "हे सकाळी जरा असं करतं." ते वाक्य आठवलं आणि मी निघाले. आज लिहिताना इथे माझा हात थांबतो.

बिजासनी देवीची टेकडी मागे पडली. वारा पश्चिमेचा होता, हवा अजून गार होती. हातोद गावावरून पुढे यशवंत सागर तलावाच्या पलीकडे गेले. तिथे ४,००० फुटांवर तीव्र वळणांचा सराव करायचा होता. इथे एक गोष्ट सांगायला हवी. उंची दाखवणारा अल्टिमीटर ४,००० दाखवतो तेव्हा आमच्याकडे तेवढी उंची नसते. इंदूरचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. सगळं माळव्याचं पठार तसंच. त्यामुळे पायाखाली खरे फूट साधारण २,१५०. समुद्राकाठी शिकणाऱ्याला असं दर वेळी वजा करत बसावं लागत नाही.

तिसरं वळण संपवून पंख सरळ केले आणि कुणीतरी समोरून हातोडा मारावा तसा धक्का बसला. पाठोपाठ थरथर सुरू झाली. सकाळची धडधड तिच्यापुढे काहीच नव्हती. दात वाजत होते. घड्याळांतले आकडे वाचता येईनात. आरपीएम २,३५० वरून १,९०० च्या खाली आला होता, थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलूनही.

पहिल्या काही सेकंदांबद्दल मला अभिमान नाही आणि लाजही नाही. त्या वेळी डोकं बंद होतं, काम हातांनी केलं. नाक खाली, वेग ६० नॉट. या विमानाचा सर्वांत लांब तरंगण्याचा वेग तो आहे, ताशी सुमारे १११ किलोमीटर. कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी कार्ब्युरेटर हीट ओढली. बर्फ धरला असेल तर आरपीएम आधी पडतो आणि मग वर येतो. इथे पडला आणि पडलेलाच राहिला. एप्रिलच्या कोरड्या हवेत बर्फाची शक्यता तशीही कमी होती. हीट परत बंद केली. इंधनाचा व्हॉल्व्ह उघडाच होता, मिक्स्चर रिच. मग किल्ली फिरवून एकदा डावा मॅग्नेटो, एकदा उजवा. दोन्हीवर तीच थरथर. म्हणजे ठिणगीचा दोष नव्हता. इंजिनाच्या आतच काहीतरी मोडलं होतं, आणि ते मला हवेत दुरुस्त करता येणार नव्हतं.

हे कळल्यावर उलट थोडी स्थिर झाले. विमानतळाच्या दिशेने वळले आणि मेडे, म्हणजे संकटाचा इशारा, दिला, तीनदा म्हणतात तसा. रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्स्पाँडरवर आणीबाणीचा कोड ७७०० लावला. टॉवरवरच्या माणसाचा आवाज जराही बदलला नाही, त्याचे मी आजही आभार मानते. त्याने विचारलं, विमानात किती जण? मी म्हणाले, एक. तो आकडा स्वतःच्या तोंडून ऐकला तेव्हा पहिल्यांदा पोटात खड्डा पडला.

आणि तेव्हाच समोर, धुरकट उजेडात, धावपट्टी दिसली. एक बारीक करडी रेघ.

मी हिशेब मांडला. अंतर साधारण ८ नॉटिकल मैल, म्हणजे १५ किलोमीटर. वारा पाठीमागून, त्यामुळे जमिनीवरचा वेग ७० नॉटच्या आसपास. म्हणजे जवळजवळ ७ मिनिटं. उरलेल्या ताकदीवर विमान मिनिटाला ३०० फूट खाली जात होतं. सात त्रिक एकवीस, २,१०० फूट. माझ्याकडे होते २,१५०.

पोचत होते! पन्नास फूट राखून पोचत होते. शाळेत गणिताच्या पेपरात उत्तर जुळलं की जसं वाटतं तसं वाटलं. इंजिन पूर्ण गेलं असतं तर हा हिशेब मांडलाच नसता. हे विमान इंजिनाशिवाय एक फूट खाली जाताना साधारण नऊ फूट पुढे जातं. २,१५० फुटांवरून सहा किलोमीटर, वाऱ्याची साथ धरून सात. पंधराचा विषयच नव्हता. शेत शोधून मोकळी झाले असते. ते अर्धं जिवंत इंजिन मला घरी नेण्याचं कबूल करत होतं, आणि मला ते ऐकावंसं वाटत होतं. धावपट्टीवर फायर ब्रिगेड असते, सर असतात, विमान शाबूत राहतं, कुणी काही विचारत नाही. हे सगळं डोक्यात येऊन गेलं. विमान शाबूत राहावं हेही आलं, हे खरं सांगायला हवं.

आमच्या सरांची एक सवय आहे. उड्डाण कुठलंही असो, दर काही मिनिटांनी ते विचारतात, "खेत कौन सा?" इंजिन आत्ता गेलं तर कुठल्या शेतात उतरशील, बोट दाखव. पहिल्या पन्नास तासांत या प्रश्नाचा मला राग यायचा. त्या सकाळी सर शेजारी नव्हते. धावपट्टीकडे बघत मी जवळजवळ दोन मिनिटं काढली आणि एकदम लक्षात आलं की खाली कुठलं शेत आहे हे मला माहीतच नाही.

मग मी खाली पाहिलं. आणि पॅनलकडेही. तेलाच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला टेकला होता, केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास होता. म्हणजे मिनिटाला ३०० फूट हा आकडा आत्तापुरता होता. इंजिन हातोदवर थांबलं असतं तर खाली घरं होती. आणखी पुढे सुपर कॉरिडॉरच्या बाजूच्या वसाहती, तारा, रस्ते. इथे खाली मोकळी शेतं होती आणि माझ्या हातात १,४०० फूट होते. हे फूट खर्च करून मी जिथे जाणार होते तिथे शेतंच नव्हती.

टॉवरला सांगितलं की विमानतळ गाठत नाही, हातोदच्या अलीकडे शेतात उतरते आहे. सांगून टाकल्यावर परत फिरायचा प्रश्नच उरला नाही. धावपट्टीकडे नंतर एकदाही पाहिलं नाही.

गव्हाची कापणी होऊन गेली होती. कापणीनंतर उरलेल्या धसकटांना आमच्याकडे नरवाई म्हणतात आणि ती जाळू नका असं सरकार दर वर्षी सांगतं. लोक जाळतात. मीही त्या धुरावर वैतागणाऱ्यांतली, पण त्या दिवशी एका शेतातला धूर पूर्वेकडे झुकलेला दिसला आणि वाऱ्याची दिशा, जोर, सगळं एका नजरेत कळलं. उतरायचं पश्चिमेकडे तोंड करून, वाऱ्याच्या समोर. म्हणजे जमिनीला टेकताना वेग कमी, आणि वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथाईवर येतो.

शेतं तीन रंगांची होती. हिरवी म्हणजे भाजीपाला, ओली जमीन. चाक रुतून विमान उलटायची भीती. काळी म्हणजे एकतर जळालेली नाहीतर नांगरलेली. माळव्याची माती मुळातच काळी, वरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि नांगरलेल्या ढेकळांत पुढचं चाक टिकत नाही. उरली सोनेरी, न जळालेली नरवाई. तिच्यात एकच धोका होता: वाळलेलं काड आणि तापलेला एक्झॉस्ट. तो धोका पत्करला. एक लांबट पट्टा निवडला, सुमारे ३०० मीटर. तारा हवेतून दिसत नाहीत, खांब दिसतात. पंपाच्या लाइनचे खांब रस्त्याच्या कडेने होते, शेतात नव्हते. पूर्वेच्या टोकाला एक विहीर आणि बाभूळ.

शेताच्या बाजूने पूर्वेकडे गेले, बाभूळ मागे पडल्यावर डावीकडे वळले, पुन्हा डावीकडे. या वळणांत वेग ६० खाली जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच तोंडाने म्हणत होते. शेत हातात आहे याची खात्री पटल्यावर थ्रॉटल बंद केला. थरथर कमी झाली आणि नाक अपेक्षेपेक्षा जास्त खाली न्यावं लागलं. सराव करताना मंद फिरणारं इंजिनही थोडं ओढत असतं, हे ओढत नव्हतं. पंखांमागचे फ्लॅप पूर्ण सोडले. मिक्स्चर ओढून इंजिन मारलं, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, मॅग्नेटो बंद. फ्लॅप विजेवर चालतात म्हणून मास्टर स्विच सगळ्यात शेवटी. दाराची कडी उघडून दार किलकिलं केलं, कारण ढाचा वाकला तर बंद दार उघडत नाही. खांद्याचा पट्टा आवळला.

मग फक्त वाऱ्याचा आवाज. बाभळीच्या शेंड्यावरून गेले. नाक वर धरलं, अजून वर, मागची चाकं धसकटांना घासली तो करकर आवाज मला अजून झोपेत येतो. टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. ब्रेक दाबले. विमान जवळपास थांबलंच होतं, आणि गवतात न दिसलेल्या पाण्याच्या पाटात पुढचं चाक गेलं. नाक धपकन खाली आलं, प्रॉपेलरचं एक पातं वाकलं, पट्टा खांद्यात रुतला.

दार ढकललं आणि पळाले. पन्नास पावलांवर जाऊन मागे पाहिलं. आग लागली नव्हती.

विहिरीकडून एक बाई धावत आल्या, मागोमाग दोन पुरुष आणि पोरं. त्यांनी विमानाकडे पाहिलंही नाही. माझे दोन्ही दंड धरून विचारलं, "छोरी, लागी तो नी?" मला बोलताच येईना. त्यांनी मला बाभळीखाली बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांच्याच फोनवरून मी सरांना फोन केला. सरांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल. दुसरा, मास्टर बंद केलास का?

त्यानंतरचं सगळं माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सांगते. १०८ ची गाडी आली, पोलीस आले. तपासणीत श्वासात दारू आहे का हे पाहतात, रक्त घेतात. मी चहासुद्धा अर्धाच प्यायले होते, तरी तो क्षण अपमानासारखा वाटतो. नियम सगळ्यांना सारखा आहे हे कळायला दोन दिवस लागले. इंधनाचे नमुने सील झाले, विमानाची आणि माझी कागदपत्रं ताब्यात गेली. नागरी उड्डाणावर देखरेख करणाऱ्या डीजीसीएला आणि विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या एएआयबीला कळवलं गेलं. परवानगी मिळेपर्यंत विमान जागचं हलवता येत नाही, म्हणून ते चार दिवस त्या शेतात पहाऱ्यात उभं होतं. शेतकरी कुटुंबाची कामं खोळंबली. चाकाखाली त्यांचे तुषार सिंचनाचे दोन पाइपही फुटले होते. पुढे बाबा आणि मी जाऊन ते भरून दिले. बाईंनी पाइप घेतले, वरचे पैसे घेतले नाहीत.

जबाब लिहायला बसले तेव्हा सकाळची ती अर्ध्या मिनिटाची धडधड लिहायची की नाही, यावर पेन पाच मिनिटं हातात धरून बसले. मग लिहिली.

इंजिन उघडलं तेव्हा मी तिथे होते. आमचे मेंटेनन्सचे इंजिनिअर काका इंदूरचेच, मराठी. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दाखवला. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून वरखाली होते तिला गाइड म्हणतात. आमच्या पेट्रोलात, १०० एलएलमध्ये, शिसं असतं. त्याचा आणि कार्बनचा थर गाइडमध्ये साचत जातो. इंजिन थंड असताना मुळातच फट कमी, त्यात हा थर, म्हणून व्हॉल्व्ह उघडा अडकतो आणि ते सिलिंडर पेटत नाही. थोडं तापलं की फट वाढते, व्हॉल्व्ह सुटतो, इंजिन सुरळीत. वैमानिक याला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात. मग एक दिवस तो चालत्या इंजिनात अडकतो. खालून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम ढकलतच राहतो, व्हॉल्व्ह हलत नाही, आणि मधली ढकलणारी सळई, पुशरॉड, वाकते. माझी वाकली होती आणि वाकताना तिने स्वतःच्या आवरणाची नळी फोडली होती. तेल तिथूनच गेलं.

"बेटा, हे गाइड साफ करायला एक दिवस लागतो," काका म्हणाले. "पण मला कुणीतरी सांगायला हवं ना."

टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत, काहीच नव्हतं. त्या आठवड्यात माझ्याआधी दोघांना ती धडधड जाणवली होती, दोघांनी ती एकमेकांना सांगितली होती, एकाने मला. स्नॅग, म्हणजे दोषाची नोंद, कुणी लिहिला नव्हता. लिहिला की विमान खाली बसतं, सगळ्यांचे तास लांबतात, आणि तासाचे पैसे आईबापांच्या खिशातून जातात. मला त्या दोघांवर रागावता आलं नाही. मी तिसरी होते, एवढंच.

आजीने त्या रात्री मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि बिजासनीला जाऊन आली. मला एकच विचारलं, "परत जाणार का?" मी हो म्हणाले. तिने डबा कशात द्यायचा ते विचारलं. बाबा मात्र बरेच दिवस स्कूटरवर एक शब्द बोलत नव्हते.

मे महिन्यात वैद्यकीय तपासणी आणि कागद पूर्ण झाल्यावर सरांबरोबर पुन्हा उडाले. पहिले काही तास ते शेजारी बसणार होते. इंजिनाचा आवाज थोडा जरी बदलला, वाऱ्याने का होईना, की माझा डावा हात योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, घट्ट व्हायचा. सरांना ते दिसत असणार, ते काही बोलले नाहीत. हातोदच्या अलीकडे आलो आणि त्यांनी थ्रॉटल मागे ओढला.

"खेत कौन सा?"

मी सवयीने त्याच शेताकडे पाहिलं. बाभूळ होती, विहीर होती. शेत उन्हाळी नांगरटीत काळं झालं होतं, वरूनही ढेकळं दिसत होती. शेजारचंही तसंच. एका ट्रॅक्टरमागची धूळ पूर्वेकडे जात होती. पाटाच्या पलीकडे एक पडीक तुकडा होता, लांबट, खांब नसलेला.

"वो वाला, सर," मी म्हणाले आणि नाक खाली घेतलं.